थकवा म्हणजे हालचाल नव्हे

संध्याकाळी बदलापूर लोकल रिकामी होते तेव्हा पुलाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. मुंबईहून गर्दीत उभा राहून आलेला माणूस बाहेर शेअर रिक्षा गाठतो आणि घरी येऊन आडवा होतो. 'दिवसभर एवढी दगदग झाली, आता वेगळा व्यायाम कशाला?' हा प्रश्न अंबरनाथ, उल्हासनगरातही घरोघर ऐकू येतो. रमजानमध्ये तर 'रोजा आहे' म्हणून उरलीसुरली हालचालही थांबते.

थकवा खराच असतो. पण थकवा आणि हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उल्हासनगरात जीन्स शिवणारा कारागीर तासन् तास मशीनवर बसतो. पाठ मोडते, डोळे शिणतात, पाय मात्र जागचे हलत नाहीत. याउलट झाडू-पोछा करणारी, जिने चढणारी, भाजी आणायला पायी जाणारी गृहिणी 'मी कुठे व्यायाम करते?' असे म्हणते आणि दिवसभर शरीर चालते ठेवते.

या साध्या हालचालीचे मोल 1953 मध्ये लंडनच्या बसमध्ये दिसले. डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या चालक-वाहकांची तुलना केली. बस एकच, चालक बसून, वाहक दिवसभर जिना वर-खाली करणारा. हृदयविकार वाहकांमध्ये कमी आढळला. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरत नसत. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये ती अट काढून टाकली. प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांची मध्यम हालचाल सुचवताना, थोडी हालचालही अजिबात नसण्यापेक्षा बरी, असे संघटनेने स्पष्ट केले.

कारण सोपे आहे. स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर वापरतात. म्हणूनच जेवणानंतरची शतपावली मधुमेहींना विशेष उपयोगी. इफ्तारला खजूर, सरबत, भजी झाल्यावर सोफ्यावर बसण्यापेक्षा मशिदीपर्यंत पायी जाणे चांगले. रात्रीच्या तरावीहच्या नमाजात अनेक ठिकाणी वीस, काही ठिकाणी आठ रकाती होतात. प्रत्येक रकातीत उभे राहणे, वाकणे आणि दोन सजदे. म्हणजे वीस रकातींत चाळीस सजदे. नमाज ही इबादत आहे, व्यायामासाठी कुणी ती अदा करत नाही. पण तिथवर बाइकने जायचे की पायी, हे आपल्या हातात आहे.

रोजेदारांनी मात्र ऊन टाळावे. जड कामे शक्यतो इफ्तारनंतर करावीत. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रोजे धरण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. साखर 70 च्या खाली गेली किंवा घाम, थरथर, चक्कर जाणवली, तर रोजा सोडण्यात कमीपणा नाही; आजाऱ्याला धर्मानेच सवलत दिली आहे.

बाकीच्यांसाठी, रोजा असो वा श्रावणी सोमवार, हिशेब एकच. मशीनवरून तासाभराने उठून पाण्याची बाटली स्वतः भरावी, दुसऱ्या मजल्यासाठी लिफ्टची वाट पाहू नये, फोनवर बोलताना फेऱ्या माराव्यात. इफ्तारची भांडी घरातल्या पुरुषांनीही उचलावीत. सहरीला उठून स्वयंपाक करणाऱ्या बाईला विश्रांती मिळेल आणि सोफ्यावरच्यांना हालचाल.