दमछाक नको, दम हवा

पळण्याचा व्यायाम सुरू करणारे पुष्कळ असतात, टिकवणारे थोडे. पहिल्या दिवशी माणूस उत्साहाच्या भरात मैदानाला दोन फेऱ्या मारतो. तिसऱ्या फेरीला धाप लागते, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात आणि आठवडाभरात बूट माळ्यावर जातात. ‘हे आपले काम नव्हे’ असा समज मग कायमचा होऊन बसतो. वास्तविक येथे चुकतो तो वेग. न्यूझीलंडमधील बुटांच्या कारखान्यातल्या एका कामगाराने ही गोष्ट स्वतःच्या शरीरावर पडताळून पाहिली आणि पुढे तो जगातील नामवंत प्रशिक्षक झाला. त्यांचे नाव आर्थर लिडियार्ड.

लिडियार्ड यांचा जन्म १९१७ साली ऑकलंड शहरात झाला. शाळेच्या वयापासून खेळांची आवड होती. शिक्षण लवकर सुटले, कारखान्यातली नोकरी सुरू झाली, तरी रग्बी चालूच होते. सामने खेळतो म्हणजे प्रकृती ठणठणीत, अशी त्यांची समजूत होती. सत्ताविशीच्या सुमारास धावण्याच्या क्लबातील एका जाणत्या गृहस्थाबरोबर ते पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर, पळायला गेले. थोड्याच वेळात घसा आणि छाती जळू लागली, पाय लटपटू लागले. आज ही गत, तर सत्तेचाळिसाव्या वर्षी काय होईल, या विचाराने ते अस्वस्थ झाले.

स्वतःच प्रयोगशाळा

त्या काळी मार्गदर्शन फारसे मिळत नसे. लिडियार्ड यांनी स्वतःवरच प्रयोग आरंभले. कधी कमी अंतर, कधी जास्त, कधी वेगाने, तर कधी संथ. एका टप्प्याला तर ते आठवड्याला चारशे किलोमीटरपर्यंत पोहोचले. संसार चालवण्यासाठी रात्री दूध पोचवण्याचे कामही ते करीत. अनेक वर्षांच्या या खटाटोपातून त्यांना उमगले, की धाप न लागता, झेपेल अशा वेगाने पुष्कळ अंतर पळल्यास दम वाढतो. वेगाचा सराव त्यानंतर, आणि तोही थोडा. या पद्धतीने ते १९५३ आणि १९५५ साली न्यूझीलंडचे मॅरेथॉन विजेते ठरले. तोवर त्यांनी पस्तिशी ओलांडली होती.

यामागचे शरीरशास्त्र सोपे आहे. संथपणे दीर्घकाळ धावल्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंमध्ये केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते, त्यामुळे प्राणवायूचा पुरवठा सुधारतो. हे बदल व्हायला आठवडे आणि महिने लागतात. दोन दिवसांच्या जोरकस धावण्याने ते होत नाहीत. उलट स्नायू, सांधे दुखावतात.

रोमचा तो दिवस

लिडियार्ड यांच्याभोवती ऑकलंड परिसरातील तरुण जमू लागले. दर रविवारी ते त्यांना डोंगरातील चढउतारांच्या रस्त्याने बावीस मैल, म्हणजे सुमारे पस्तीस किलोमीटर, पळवीत. पीटर स्नेल या तरुणाची शर्यत अवघी ८०० मीटरची, पावणेदोन मिनिटांत आटोपणारी. त्याने पस्तीस किलोमीटर कशाला पळायचे, असे अनेकांना वाटे. उत्तर २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये मिळाले. स्नेलने ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. त्याच दिवशी मरे हॅलबर्गने ५००० मीटरचे सुवर्ण पटकावले. रग्बीतील दुखापतीने हॅलबर्गचा डावा हात तरुणपणीच अधू झाला होता. पुढे बॅरी मॅगीने मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळवले. १९६४ साली टोकियोला स्नेलने ८०० आणि १५०० मीटर अशी दोन सुवर्णपदके जिंकली.

हृदयरोग्यांची धाव

आपल्या दृष्टीने यापुढचा भाग अधिक मोलाचा. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला त्या काळी कित्येक आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. लिडियार्ड यांनी मात्र मध्यमवयीन, स्थूल आणि हृदयविकारातून उठलेल्या मंडळींनाही हळूहळू चालते व पळते केले. १९६२ साली ऑकलंडला अशा हौशी मंडळींचा क्लब सुरू झाला. अमेरिकेचे प्रसिद्ध प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे पाहुणे म्हणून आले. त्यांना या मंडळींसोबत पळताना दम लागला. हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले सत्तरीपुढचे एक गृहस्थ मात्र गप्पा मारीत त्यांना सोबत करीत होते. बॉवरमन यांनी हा व्यायाम मायदेशी नेला आणि जॉगिंगची लाट पसरली. आज हृदयविकारानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेताचा व्यायाम हा उपचाराचाच भाग मानला जातो.

आपण काय करावे?

चालण्यापासून आरंभ करावा. अर्धा तास सहज चालता येऊ लागले, की मधूनमधून एखादे मिनिट संथ पळावे आणि हे प्रमाण आठवड्यागणिक वाढवावे. सोबत्याशी बोलता येते आहे, तोवर वेग योग्य समजावा. वाक्य तुटू लागले, की वेग कमी करावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. छातीत दुखले, दडपण आले किंवा चक्कर आली, तर तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनीही हे ध्यानात घ्यावे. जाहिरात निघाल्यावर पंधरा दिवस जिवाच्या आकांताने पळण्यापेक्षा सहा महिने आधी संथ सराव सुरू केलेला बरा.

लिडियार्ड २००४ साली, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी, अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना निवर्तले. सराव करा, शरीराची ओढाताण करू नका, असे ते सांगत. उद्या सकाळी घराबाहेर पडताना एवढे लक्षात ठेवले, तरी पुरे.