ट्रॉलीचा फाळका अडतो तेव्हा

लोहारा परिसरात कापसाची वेचणी सुरू झाली, की ट्रॉलीला उसंत नसते. माल उतरवताना मात्र एक अडचण हमखास येते. ट्रॉली ओट्याला भिडवली, की मागचा फाळका खाली पडायला जागाच उरत नाही. मग ओढाताणीत बिजागऱ्या वाकतात.

शेतकरी बंधूंनो, उपाय सोपा आहे. फाळक्याची उंची घरीच मोजून ठेवा. ती 2 फूट असेल, तर ओट्याच्या 3 फूट अलीकडे थांबा. ब्रेक लावा, चाकाखाली दगड ठेवा आणि बाजूला उभे राहूनच खिटी काढा. आतल्या मालाच्या दाबाने फाळका एकदम कोसळतो. तो पूर्ण लोंबू लागला, की दगड काढून ट्रॉली हळूच मागे घ्या. त्या वेळी ट्रॉली आणि ओटा यांच्यामध्ये कोणीही, विशेषतः लेकरे, नकोत. बिजागरी बदलता येते, माणूस नाही.