भुतांची खानेसुमारी

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाला आला आणि अनंत कान्हेरेच्या गोळ्यांनी तिथेच मेला, एवढं आपण शाळेत शिकलो. त्याच्यामागे जे कागद राहिले त्यांच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. हा गोरा अधिकारी संस्कृतचा जाणकार. 'पंडित जॅक्सन' ही त्याची ख्याती. गावोगावच्या शाळामास्तरांकडून त्यानं देव, भुतं, नवस, दृष्ट, उतारे यांची माहिती गोळा करवली होती. पुढे आर. ई. एंथोवेन यानं ते बाड लावलं आणि १९१५ साली कोकणचा भाग छापून निघाला.

या पुस्तकातली भुतांची प्रकरणं वाचताना भीती अजिबात वाटत नाही. उलट जातिनिहाय खानेसुमारीचं कोष्टक वाचतोय असं वाटू लागतं. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला बटू तो मुंजा, मुक्काम पिंपळावर. विद्येचा ताठा घेऊन मेलेला ब्राह्मण ब्रह्मग्रह. निपुत्रिक, पैशाला चिकटलेला तो समंध. पुरलेल्या धनावर बसून राहतो. लग्न न होता गेलेला क्षत्रिय वीर. लग्नानंतर गेलेला शूद्र देवचार. बुडून मेला तर गिऱ्हा. खवीस परधर्मातला किंवा गावकुसाबाहेरचा, म्हणून सगळ्यांत दांडगा. म्हणजे देह जळाला तरी जातीचा रकाना जळत नाही.

बायकांचं कोष्टक तर याहून बारकाईनं भरलेलं. त्यांची जात कुणी फारशी विचारत नाही, नवरा आहे की नाही एवढंच विचारतात. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर अळवंतीण. बाळंतरोगानं बाया पटापट मरत असत, त्या काळात गावात अळवंतिणींना तोटा कसला? सुईणीच्या न धुतलेल्या हातांचा आळ कुणावर आला नाही. मेलेलीच परत येऊन दुसरीला झपाटते, असं ठरलं. मग स्मशानाच्या वाटेवर राळे पेरा, खिळे ठोका. जिवंतपणी जिच्यासाठी वैद्य बोलावला नाही, तिच्या बंदोबस्ताला मांत्रिक मात्र लगेच हजर.

ही यादी नीट पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. म्हातारा होऊन, नातवंडं पाहून, मुलाच्या हातून पाणी मिळालेला माणूस तिच्यात जवळजवळ नाहीच. जे आहेत ते सगळे अर्धवट सुटलेले. कुणाचं लग्न राहिलं, कुणाचं मूल राहिलं, कुणाचा खून पचला. माझ्या मते आपल्याकडची भुतं म्हणजे मागे राहिलेल्यांच्या अंगावरची थकबाकी आहे, आणि माणूस अंधाराला जेवढा भितो त्याहून जास्त थकबाकीला भितो.

थकबाकी चुकवली तर भुताचा देवही होतो, आणि कोकण-गोव्यात हे उघड दिसतं. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त वेताळ प्रेतात शिरून राजाला कोडी घालतो. तोच वेताळ वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत वेतोबा होतो, गावाचा धनी. लेखक जयवंत दळवींचं हे गाव. मूर्ती पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. उभी, भव्य, रखवालदाराच्या ऐटीत. त्याला नवसाचे केळ्यांचे घड लागतात आणि चामडी चपला, त्याही साध्या पायाला बसणार नाहीत एवढ्या मोठ्या. रात्री तो गावाची फेरी मारतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. भाविक तळवे उलटून दाखवतात. आपण पाहावं आणि गप्प बसावं. घासलेल्या चपलेशी वाद घालून काय मिळणार? गोव्यात आमोणे, लोलये, पैंगीण इथेही वेताळ ग्रामदैवत आहे. देवचाराचं तर आणखी गमतीचं. हिंदू घरात तो वेशीवरचा राखणदार, हातात दांडा, खांद्यावर घोंगडी, आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा. शेजारच्या ख्रिस्ती घरात देवचार म्हणजे थेट सैतान. गाव एक, वाट एक, आणि त्या वाटेवरून रात्री जाणारे दोघेही पावलं भराभर उचलतात.

देशावरच्या म्हसोबाची गत वेगळी नाही. बांधावरचा बिनघडणीचा दगड, वर शेंदूर. महात्मा फुल्यांनी त्याच्यात बळीराजाचा अधिकारी पाहिला. इतिहासकार दामोदर कोसंबी काठी घेऊन पुण्याभोवतीचे डोंगर तुडवत हिंडले आणि अशा ठाण्यांचा माग त्यांनी जुन्या व्यापारी वाटांशी आणि अश्मयुगीन हत्यारांशी नेऊन भिडवला. अंधश्रद्धा म्हणून झिडकारलेल्या दगडात इतिहास सापडतो, तो असा.

काही भुतांचा उलगडा सरळ आहे. चकवा लागला की माणूस रात्रभर चालून पहाटे त्याच जागी येतो. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात चालवून पाहिलं. सूर्य किंवा चंद्र दिसत असेल तर लोक बऱ्यापैकी सरळ गेले, झाकला की गोल फिरू लागले, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती. आपल्याकडचा जुना सल्ला, चकवा लागला तर उजाडेपर्यंत खाली बसून राहा, हा शास्त्राला धरून निघाला. पिंपळ रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतो म्हणून पूर्वजांनी मुंजा तिथे बसवला, हे मात्र मला पटत नाही. उघड्या माळावर झाडाखाली कोण गुदमरतो?

सगळंच गमतीचं नाही. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याची अनुसूची वाचावी. पहिलंच कलम भूत उतरवण्याचं: दोरखंडानं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं-चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं. हे कल्पनेनं लिहिलेलं नाही. ज्याला बाधा झाली म्हणायचं त्याच्या अंगावरून हे सगळं गेलेलं आहे. कायदा देवाला हात लावत नाही, भुतालाही नाही. भगताच्या हातातल्या चाबकाला लावतो. वर्षानुवर्षं विधेयक रखडवणाऱ्यांना एवढा साधा फरक कळत नव्हता, असं मानणं कठीण आहे.

दरम्यान कोष्टकातले रकाने आपोआप रिकामे होत चालले आहेत. हल्ली बऱ्याच घरांत मुंज आणि सोडमुंज एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये उरकतात, तेव्हा मुंजांची नवी भरती कुठून होणार? त्याला २०२४ साली 'मुंज्या' सिनेमानं काम दिलं, ते एक बरं झालं. लावसट हा शब्द तर तिशीतल्या मराठी माणसाला सांगूनही कळणार नाही. पुरलेले हंडे बँकेत गेले, समंध बेकार झाला.

नवीन भूत मात्र जोरात आहे: कसारा घाटात रात्री लिफ्ट मागणारी, पांढऱ्या साडीतली बाई. तिची जात कुणी सांगत नाही, नवरा होता की नाही हेही नाही, कशानं मेली याचाही पत्ता नाही. तिच्याविषयी ठाऊक आहे ते इतकंच की ती बाई आहे, एकटी आहे आणि रात्री रस्त्यावर आहे. ट्रकवाल्यांना तेवढं पुरतं.