नातवंडांची सी.ए. परीक्षा आणि आपले घड्याळ

आपला नातू किंवा नात सी.ए. इंटरमिजिएटची तयारी करीत असेल, तर एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अभ्यास चांगला असूनही अनेकांचा पेपर अपुरा राहतो, कारण वेळेचा हिशेब चुकतो.

तीन तासांत १०० गुण; म्हणजे एका गुणाला जेमतेम पावणेदोन मिनिटे. दहा गुणांच्या प्रश्नावर, ताळेबंद जुळेना म्हणून, अर्धा तास घालवला तर पुढचे सोपे गुण हातचे जातात. उत्तीर्ण होण्यास प्रत्येक विषयात ४० आणि गटात एकूण ५० टक्के गुण लागतात. त्यामुळे एक अपुरा पेपर साऱ्या गटाला भोवतो. न जुळलेले उदाहरण सोडून पुढे जाणे, हे सरावानेच साधते. आरंभी वाचनासाठी मिळणाऱ्या १५ मिनिटांत प्रश्नांचा क्रम ठरवावा.

येथे आपली मदत मोलाची. परीक्षा दुपारी २ ते ५, नेमकी वामकुक्षीची वेळ! म्हणून सरावाचे पेपरही त्याच वेळी सोडवू द्यावेत. घड्याळ आपण सांभाळावे. पाच वाजता, उत्तर अर्धे असले तरी, वही मिटण्यास सांगावे. दुपारचे जेवण लवकर आणि हलके असावे. वरणभात, भाजी पुरे. जागरण टाळावे.

आणि पेपर देऊन आल्यावर ‘कसा गेला?’ असे विचारू नये. पाण्याचा तांब्या पुढे करावा. पुढच्या पेपरासाठी मन मोकळे राहणे महत्त्वाचे.