हर्सेप्टिन : पेटंट संपले, पर्याय आले
सांता क्लारा : स्तनाच्या कर्करोगावरील ‘हर्सेप्टिन’ येथून तासाभराच्या अंतरावर, साउथ सॅन फ्रान्सिस्कोतील जेनेनटेकने विकसित केले, १९९८ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. रोश कंपनीने २०१३ मध्ये भारतातील पेटंटचा आग्रह सोडला आणि २०१४ मध्ये बायोकॉनचे जैवसदृश औषध तेथे विक्रीस आले. अमेरिकेने त्यास ‘ओगिव्री’ या नावाने २०१७ मध्ये मान्यता दिली. विक्री मात्र मुख्य पेटंटची मुदत संपल्यानंतर, २०१९ च्या अखेरीस सुरू झाली.

जिवंत पेशींत घडणाऱ्या औषधाची हुबेहूब प्रतिकृती अशक्य असते. म्हणूनच परिणाम व सुरक्षितता यांत लक्षणीय फरक नाही, हे उत्पादकाला सिद्ध करावे लागते. पुण्यातील आईसाठी डॉक्टरांनी हे औषध सुचविल्यास ‘मूळच हवे’ असा हट्ट धरण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे : येथे किंमत उतरते ती स्पर्धेमुळे, दर्जा घसरल्यामुळे नव्हे.