ल्युसर्न: दोन तासांत न उरकणारं गाव

युरोप सहलीच्या कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या वाट्याला बहुतेक वेळा दोन तास येतात. टिटलिस शिखरावरचा बर्फ पाहून बस तळ्याकाठी थांबते. लाकडी पुलावर फोटो, दगडी सिंहासमोर फोटो, घड्याळांच्या दुकानात एक फेरी, आणि मंडळी पुन्हा बसमध्ये. एवढ्यात गाव ‘पाहून’ होतं, पण कळत नाही. कारण इथल्या बहुतेक जुन्या वास्तू शोभेसाठी बांधलेल्याच नाहीत. कुणाला शत्रू अडवायचा होता, कुणाला पाणी आवरायचं होतं. देखणेपण त्यांना पुढे वयानं आलं.

झुरिकहून रेल्वेनं तासाभराच्या आत ल्युसर्न येतं. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच समोर तळं दिसतं. त्यातून रॉइस नदी बाहेर पडते आणि तिच्या दोन्ही काठांवर जुनं शहर वसलं आहे. गोटहार्ड खिंडीतून इटलीकडे जाणारा माल इथूनच होड्यांवर चढायचा. या व्यापारावर गाव मोठं झालं आणि 1332 मध्ये तळ्याकाठच्या प्रदेशांशी करार करून स्विस संघात सामील झालं.

चौदाव्या शतकातला चॅपल ब्रिज हा त्या काळच्या तटबंदीचाच भाग. तळ्याकडून येणाऱ्या हल्लेखोरांना रोखायला तो नदीवर तिरका टाकला. त्याला खेटून पाण्यात उभा असलेला अष्टकोनी बुरूज पुलाहूनही जुना. त्यात कधी खजिना होता, कधी दप्तर, कधी तुरुंग. सतराव्या शतकात पुलाच्या छपराखाली गावाच्या आणि संतांच्या कथा सांगणारी त्रिकोणी चित्रं बसवली गेली. 18 ऑगस्ट 1993 च्या रात्री पुलाला आग लागली आणि त्यातली बहुतेक चित्रं जळाली. अवघ्या आठ महिन्यांत पूल पुन्हा उभा राहिला, पण गेलेली चित्रं परत येणार नव्हती. चालताना मान वर करून पाहिलं तर जुनं लाकूड कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, ते ओळखता येतं.

बहुतेक गट इथूनच मागे फिरतात. आपण मात्र नदीच्या प्रवाहाबरोबर थोडं खाली जावं. एकोणिसाव्या शतकातला फळ्यांचा बंधारा तिथे आजही चालू आहे. उभ्या लाकडी फळ्या हातांनी काढून-घालून तळ्याची पातळी राखली जाते. पुढचा श्प्रॉयर पूल चॅपल ब्रिजहून शांत. गिरण्यांमधला धान्याचा कोंडा नदीत टाकायची मुभा पूर्वी याच पुलावरून होती. त्याच्या छपराखाली कास्पार मेग्लिंगरनं 1626 ते 1635 या काळात रंगवलेली मृत्युनृत्याची चित्रमालिका आहे. राजा, धर्मगुरू, सावकार, नवरी, सगळ्यांचा हात धरून सांगाडा त्यांना घेऊन चालला आहे. एकेकाळी 67 चित्रं होती, आज 45 उरली आहेत.

गावाच्या पाठीशी मुझेगची तटबंदी आहे, नऊ बुरुजांची. त्यातले काही बुरूज वसंतापासून शरदापर्यंत उघडे असतात आणि प्रवेशाला पैसे लागत नाहीत. एका बुरुजावरच्या 1535 सालच्या घड्याळाला मोठा मान आहे: गावातल्या इतर घड्याळांच्या एक मिनिट आधी टोले देण्याचा. वरून गावाची छपरं, तळं आणि पलीकडचा पिलाटस डोंगर एका नजरेत मावतात.

आता सिंह. कातळात कोरलेला हा सिंह मरणाच्या दारात आहे, पाठीत भाला मोडून राहिला आहे. 10 ऑगस्ट 1792 रोजी पॅरिसच्या राजवाड्याचं रक्षण करताना मारल्या गेलेल्या स्विस शिपायांचं हे स्मारक. आराखडा डॅनिश शिल्पकार टोरवाल्डसनचा, 1821 मध्ये ते पूर्ण झालं. सिंहाचा पंजा फ्रेंच राजाच्या ढालीवर आहे, हे पाहायला विसरू नये. डोंगराळ, तोकड्या शेतीच्या या देशातले तरुण कित्येक शतकं परक्या राजांच्या फौजांत भाडोत्री शिपाई म्हणून जात. आजच्या श्रीमंत स्वित्झर्लंडचा हा जुना हिशेब या कातळावर लिहिलेला आहे.

जवळच्या बूर्बाकी पॅनोरमात त्याच देशाची दुसरी बाजू दिसते. 1871 मध्ये हरलेल्या फ्रेंच फौजेचे सुमारे 87 हजार सैनिक बर्फातून सीमा ओलांडून आले. स्विस लोकांनी त्यांची शस्त्रं ठेवून घेतली आणि त्यांना आसरा दिला. एदुआर कास्त्रनं तो प्रसंग गोलाकार भिंतभर, सुमारे शंभर मीटर लांबीच्या चित्रात उतरवला आहे. सिंहाच्या शेजारीच ग्लेशियर गार्डन आहे. 1872 मध्ये तळघर खणताना हिमनदीच्या पाण्यानं घडवलेले खोल रांजणखळगे तिथे सापडले. निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्यांना ते लगेच ओळखू येतील.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर बोटीनं फित्स्नाऊला जावं आणि तिथून 1871 सालच्या दातेरी रेल्वेनं रिगी डोंगरावर. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये बोट आणि ही गाडी दोन्ही येतात. पिलाटसची 1889 सालची गाडी 48 टक्के चढ चढते, पण तिच्यासाठी पासवर फक्त सवलत मिळते आणि हिवाळ्यात ती बंद असते.

दोन्ही पूल, तटबंदी आणि सिंह पाहायला एक फ्रँकही लागत नाही. स्वित्झर्लंडसारख्या महागड्या देशात ही चैनच म्हणायची. म्हणून सहल ठरवताना आयोजकाला एवढंच सांगा: ल्युसर्नला किमान एक रात्र मुक्काम हवा.