बातमी आता हाताळताही येते!

इंटरनेटवरची बातमी म्हणजे छापील बातमीच काचेवर उमटलेली, असा आमच्या पुष्कळ व्यापारी आणि कारागीर बांधवांचा समज आहे. तो अगदीच चुकीचा नाही. बहुतेक ठिकाणी आजही तसेच चालते. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत काही मोठ्या वृत्तपत्रांनी मजकूर, छायाचित्र, चित्रफीत, आवाज आणि हलते नकाशे एकाच पानावर आणण्याचे, शिवाय वाचकालाही त्या पानात काही करायला लावण्याचे निरनिराळे प्रयोग केले. त्यांपैकी बरेच फसले, थोडे टिकले. टिकले ते का टिकले, हे धंदा करणाऱ्या माणसाने समजून घ्यावे. उद्या आपल्या मागावर किंवा दुकानावर कोणी बातमी करायला आले, तर ती कोणत्या रूपात व्हावी हे आपल्यालाही सांगता आले पाहिजे.

या प्रयोगांत सर्वाधिक गाजला तो अमेरिकेतील 'न्यूयॉर्क टाइम्स'चा 'स्नो फॉल'. फेब्रुवारी २०१२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील टनेल क्रीक येथे बर्फाचा कडा कोसळून तीन जण मरण पावले. त्याची हकीकत जॉन ब्रँच यांनी सहा प्रकरणांत लिहिली आणि डिसेंबर २०१२ मध्ये ती इंटरनेटवर आली. वाचक पान सरकवू लागला की बर्फ वाऱ्याने उडताना दिसे, डोंगर फिरून समोर येई, वाचलेल्या माणसांच्या मुलाखती तिथेच ऐकता येत. २०१३ मध्ये ब्रँच यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. मग काय, जगभरच्या संपादकांना असेच काहीतरी आपल्याकडेही हवे झाले. मात्र हे काम उभे करायला लेखक, चित्रकार, छायाचित्रकार आणि संगणकाचे जाणकार मिळून मोठा ताफा कित्येक महिने खपला होता. एवढे भांडवल प्रत्येकाकडे कुठले? नकल करणाऱ्यांनी सजावट उचलली. तिच्या खालची मेहनत काही त्यांना उचलता आली नाही.

आता दुसरी गोष्ट पाहा. त्याच वृत्तपत्राने २१ डिसेंबर २०१३ रोजी पंचवीस प्रश्नांची एक साधी प्रश्नावली प्रसिद्ध केली. अमुक वस्तूला तुम्ही काय म्हणता, तमुक शब्द कसा उच्चारता, एवढेच विचारायचे. शेवटी अमेरिकेच्या नकाशावर 'तुमची बोली या भागातली दिसते' असे उत्तर मिळायचे. मुख्यतः तिथे उमेदवारी करणाऱ्या एका तरुणाच्या अभ्यासातून ती तयार झाली. वर्ष संपायला अवघे दहा दिवस उरले होते, तरी त्या वर्षात 'टाइम्स'च्या संकेतस्थळावर सर्वाधिक पाहिले गेलेले पान तेच ठरले. कारण उघड आहे. बर्फाच्या कड्यात वाचक दुसऱ्याची गोष्ट पाहत होता, इथे त्याला स्वतःविषयी काही कळत होते.

असे असले तरी पानावर बटणे लावली की वाचक दाबतोच, असे मात्र नाही. 'टाइम्स'च्या आलेख विभागातील आर्ची त्से यांनी २०१६ मध्ये स्पेनमधील एका परिषदेत हेच सांगितले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वाचकाला फक्त पान सरकवायचे असते, त्याहून जास्त काही करायला लावायचे असेल तर बदल्यात तसेच मोठे काही द्या, आणि बटणामागे दडवलेली माहिती कोणीच पाहणार नाही असे धरून चाला. दुकानदाराला हे कोणी शिकवायला नको. जो माल फळीवर मागे ठेवला, तो गिऱ्हाईक मागत नाही.

मार्च २०२० मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने हे धोरण उत्तम वापरले. कोरोनाची साथ कशी पसरते हे दाखवण्यासाठी त्यांनी पडद्यावर नुसते ठिपके सोडले. ठिपका ठिपक्याला लागला की रोग लागतो. ठिपके जागच्या जागी थांबले की रोगाची चढती रेषा बसते. वाचकाने काही दाबायचे नव्हते, फक्त पाहायचे होते. तो लेख त्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर तोवर सर्वाधिक वाचला गेलेला ठरला आणि अनेक भाषांत गेला.

आमच्या मते व्यापारी वाचकांना सर्वांत जवळचा वाटेल तो प्रयोग लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'चा. २०१७ मध्ये त्यांनी 'उबर गेम' काढला. उबरची गाडी चालवणाऱ्यांना खरोखर किती सुटते, हा विषय. लेख लिहिता आला असताच. त्यांनी वाचकालाच ड्रायव्हर केले. तुम्हाला दोन मुले आहेत, आठवड्याच्या आत घराच्या कर्जाचा एक हजार डॉलरचा हप्ता भरायचा आहे, आता गाडी काढा! मग एकेक प्रसंग समोर येतो. थकला आहात, आणखी एक फेरी माराल की घरी जाल? मुलाचा अभ्यास घ्याल की बोनससाठी गाडी दामटाल? पेट्रोल आणि गाडीचा खर्च चालूच. शेवटी आलेली रक्कम आणि हाती उरलेली रक्कम यांतला फरक डोळ्यांपुढे उभा राहतो. हे प्रसंग कल्पनेतले नव्हते. पत्रकारांनी अनेक ड्रायव्हरांशी बोलून ते जमवले होते. गल्ल्यात आलेला पैसा म्हणजे नफा नव्हे, ही गोष्ट दहा लेखांनी पटली नसती इतकी या खेळाने पटवली, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे काय? महाराष्ट्राशी थेट नाते असलेले एक काम नाव घेण्याजोगे आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये 'पारी' हे ग्रामीण भारताचे संग्रह-संकेतस्थळ सुरू केले. ते मराठीतही वाचता येते. त्यावर जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या चमूने हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या जमवल्या होत्या. 'पारी'वर ओवीचे शब्द, तिचा अर्थ, गाणाऱ्या बाईचा आवाज आणि तिचे छायाचित्र एका ठिकाणी मिळते. चमक काही नाही, पण ऐकल्यावर वाटते की हे कागदावर मावलेच नसते.

आता आपल्या धंद्याकडे वळू. नव्या कल्पना शोधायला चार पत्रकार बसतात तेव्हा पडद्यावर काय नाचवता येईल, इथूनच सुरुवात होते. ती वाचकाला कोणता प्रश्न पडला आहे, इथून व्हावी. उदाहरण म्हणून मालेगाव किंवा भिवंडीचा यंत्रमाग घ्या. मंदीच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. प्रत्येकीत बंद मागांचे तेच ते छायाचित्र. त्याऐवजी असे पान करावे, ज्यात मागवाला आपले आकडे टाकील: माग किती, सुताचा भाव, विजेचा दर, मजुरी, कापडाला मिळणारा दर. खाली महिनाअखेर काय उरते ते दिसावे. मग सुताचा भाव किलोमागे दोन रुपयांनी सरकवून पाहावा. नफा नेमका कुठे आटतो ते त्याचे त्यालाच कळेल. आणि ज्याने माग कधी पाहिला नाही अशा शहरी वाचकाला कारखान्यातला खडखडाट मिनिटभर जसाच्या तसा ऐकवावा.

छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूला मात्र आकडेमोडीचा उपयोग नाही. तिथे डोळे हवेत. हातमागावरच्या अस्सल हिमरूच्या पाठीमागे नक्षीचे जादा धागे सुटे राहतात. यंत्रावरचे स्वस्त कापडही हिमरू म्हणूनच खपवले जाते आणि गिऱ्हाईक फक्त पुढची बाजू पाहते. दोन्ही कापडे पडद्यावर शेजारी ठेवून, पान सरकवता सरकवता उलटी करून दाखवावीत. कारागिराच्या पोटाचा प्रश्न त्या उलट्या बाजूत आहे. एका चांगल्या मोबाईलवर हे चित्रण होऊ शकते, त्याला मोठा ताफा लागत नाही.

एक खबरदारी घ्यावी. सुरुवातीच्या काळातील असे पुष्कळ काम 'फ्लॅश' नावाच्या तंत्रावर केलेले होते. 'अडोबी' कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला आणि ती पाने उघडेनाशी झाली. म्हणून तुमच्या कामाचे चित्रण करायला कोणी आले, तर मूळ फिती आणि छायाचित्रांची एक प्रत आपल्यासाठी मागून घ्या. काम सुरू होण्याआधीच ती देण्याचे त्यांच्याकडून कबूल करून घ्यावे. तुमचे नाव, गाव आणि हुनराचे नाव पानावर कुठे येणार हेही विचारा. बटणामागे नको, चित्राखालीच हवे. आणि पान तयार झाले की ते आधी तुमच्याच जुन्या मोबाईलवर उघडून दाखवायला सांगा.